जामखेडची ग्राम-आरोग्यविद्या

विद्या दिल्यानें वाढते, हें वचन घरोघर मुलांना शिकविलें जातें. वैद्यकाची विद्या मात्र शतकानुशतकें थोड्यांच्याच हातीं राहिली. ती खेड्यांतील निरक्षर स्त्रीस देतां येईल काय, आणि दिली तर तेथें टिकेल काय, या प्रश्नाचें उत्तर अहमदनगर जिल्ह्यानें, म्हणजे आजच्या अहिल्यानगरनें, दिलेलें आहे. अहिल्याबाई होळकरांचें जन्मगांव चोंडी ज्या तालुक्यांत आहे, त्याच जामखेड तालुक्यांत हा प्रयोग झाला.

डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हें दांपत्य वेलोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत शिकलेलें. याच जिल्ह्यांतील वडाळ्याच्या मिशन रुग्णालयांत काम करीत असतां त्यांच्या एक गोष्ट ध्यानांत आली. रुग्ण बरा होऊन घरीं जाई आणि कांहीं दिवसांनीं तेंच दुखणें घेऊन परत येई. कारण त्याचें पाणी, अन्न व वस्ती पूर्वीचींच असत. पुढें अमेरिकेंतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून १९७० सालीं तीं दोघें जामखेडास आलीं व गुरांच्या एका जुन्या दवाखान्यांत त्यांनीं काम आरंभिलें. तालुका अवर्षणाचा; १९७१ सालीं तेथें जन्मलेल्या दर हजार बालकांपैकीं १७६ बालकें वर्षाच्या आंत दगावत.

आरंभीं शिकलेल्या परिचारिका खेड्यांत ठेवून पाहिल्या. परंतु त्या परगांवच्या, वयानें लहान व एकट्या. गांवास त्यांचा विश्वास वाटेना आणि त्यांना गांवाची भीति वाटे. तेव्हां एका सरपंचानें सुचविलें कीं, गांवांतलीच एखादी जाणती बाई कां शिकवूं नये? ही सूचना मान्य झाली आणि तेथून कामास खरें वळण लागलें.

गांवानें निवडावें आणि जामखेडनें शिकवावें, असा परिपाठ पडला. निवडलेल्या स्त्रिया बहुधा निरक्षर, कित्येक दलित समाजांतील. दर आठवड्यास त्या जामखेडास येत, तेथेंच मुक्काम करीत, आणि परत गेल्यावर शिकलेलें गांवांत सांगत. गरोदर स्त्रीनें पोटभर जेवावें, बाळंतपणांत हात व हत्यार स्वच्छ असावें, जुलाब होणाऱ्या मुलाचें पाणी न तोडतां त्यास मीठ-साखरेचें पाणी पाजावें, खोकला फार दिवस राहिल्यास क्षयाची शंका घ्यावी, अशी ही विद्या साधी होती. परंतु घरच्या रूढींशीं तिचा उघड विरोध होता. सासूला तें पटवावयाचें तर परक्या पंडितापेक्षां ओळखीच्या बाईचा शब्द अधिक उपयोगीं पडे.

अधिक कठीण गांठ जातीची होती. शिकावयास आलेल्या स्त्रिया एकत्र जेवत, एकाच खोलींत एकमेकींशेजारीं निजत. प्रथम संकोच होई, मग तो सरे. १९७२-७३ च्या दुष्काळांत कूपनलिका खणल्या गेल्या, त्या पुष्कळ ठिकाणीं दलित वस्तींतच खणविल्या. पाण्यासाठीं साऱ्या गांवास तेथें जावें लागलें. ज्या बाईची सावलीहि टाळली जाई, तिच्याच हातीं पुढें गांवचीं बाळंतपणें आलीं.

१९७६ पर्यंत बालमृत्यूंचें प्रमाण दर हजारीं ५२ वर आलें. १९७५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें प्रसिद्ध केलेल्या एका ग्रंथांत जामखेडचें वर्णन आलें. १९७८ सालीं आल्मा-आटा येथील परिषदेनें प्राथमिक आरोग्यसेवेची जी घोषणा केली, तिच्या विचाराशीं हा अनुभव जुळणारा होता. १९७९ सालीं उभयतांस मॅगसेसे पारितोषिक मिळालें. १९८८ सालीं जामखेडच्या ग्राम-आरोग्यसेविका मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनच्या सभेंत बोलल्या. तेथील झुंबराशीं त्यांनीं आपल्या लहानशा दिव्याची तुलना केली: झुंबर मोलाचें खरें, पण दिव्यानें दुसरा दिवा लावतां येतो, हा त्यांचा आशय होता.

२००५ सालच्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांतून गांवोगांवीं ‘आशा’ कार्यकर्त्या आल्या. गांवच्या बाईनेंच गांवाचें आरोग्य सांभाळावें, हा विचार अशा रीतीनें देशव्यापी झाला. मेबल आरोळे १९९९ सालीं व रजनीकांत आरोळे २०११ सालीं निवर्तले. जामखेडची प्रशिक्षणसंस्था मात्र चालू आहे, आणि देशोदेशींचे विद्यार्थी तेथें येऊन याच स्त्रियांपाशीं शिकले आहेत. ही योजना मोठी करतांना एक गोष्ट मात्र विसरतां कामा नये. जामखेडास या स्त्रियांस केवळ औषधांची पेटी दिली गेली नव्हती. आठवड्यामागून आठवडे, वर्षानुवर्षें शिकवीत राहून त्यांना गांवांत मान मिळवून दिला होता. तेवढें राहून गेलें तर नांव तेंच राहील, काम तें राहणार नाहीं.