देसांतून देशावर

नगर जिल्ह्याच्या, म्हणजे ज्याला आतां अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्याच्या उत्तर भागांत, शिर्डीच्या दक्षिणेस सुमारें तीन मैलांवर राहाता हें गांव आहे. तेथील पेरूच्या बागा प्रसिद्ध आहेत. पण आज मी आपणांस बागेंत न नेतां पेठेंत नेणार आहें. गोविंद रघुनाथ दाभोळकरांचें ओवीबद्ध 'साईसच्चरित' ज्यांनीं वाचलें असेल, त्यांना राहात्याचे चंद्रभानशेट मारवाडी आणि त्यांच्या मागून खुशालचंद हीं नांवें आठवतील. साईबाबा शिर्डी सोडून फारसे कोठें जात नसत. पण राहात्यास या घराकडे ते जात आणि गांवकरी वाजंत्री लावून त्यांना सामोरे येत, असें वर्णन आहे. त्यांतील भक्तीचा भाग तूर्त बाजूस ठेवूं. मला तेथें एक साधी गोष्ट दिसते. हें घराणें 'राहात्याचें' होतें आणि 'मारवाडी'ही होतें. हीं दोन विशेषणें एकाच घराला कशीं लागलीं, आणि दोन्ही टिकलीं कशीं, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

मारवाडी मनुष्य आपल्या मूळ मुलखाला 'देस' म्हणतो आणि व्यापारासाठीं जेथें जातो त्या मुलखाला 'दिसावर'. आपण सह्याद्रीच्या पूर्वेकडील पठाराला 'देश' म्हणतों. देस सोडून हे लोक देशावर आले. मारवाडांत पाऊस तुटपुंजा आणि दुष्काळ पांचवीलाच पुजलेला. मुलगा हातांतोंडाशीं आला कीं त्याला एखाद्या जातभाईच्या दुकानीं धाडावयाचें. तेथें त्यानें गुमास्तगिरी करावी, मुलखाची भाषा शिकावी, आणि चार पैसे गांठीं पडले कीं शेजारच्या गांवीं स्वतःचें दुकान थाटावें, असा क्रम होता. १८१८ सालीं पेशवाई बुडाल्यावर ही ये-जा वाढली आणि १८७८ सालीं दौंड-मनमाड लोहमार्ग झाल्यावर ती सुलभ झाली.

अशा माणसाच्या दिवसाचे किती भाग पडत पाहा. घरांत बायकामुलांशीं मारवाडी बोलावयाचें. दुकानाच्या ओट्यावर कुणब्याशीं नगरी वळणाची मराठी. उपाश्रयांत साधूंच्या तोंडून हिंदी किंवा गुजराती व्याख्यान ऐकावयाचें. आणि रात्रीं समईच्या उजेडांत चोपडी उघडून महाजनी लिपींत जमाखर्च लिहावयाचा. या लिपींत काना-मात्रा बहुधा गाळीत. 'काकाजी अजमेर गये' असें पत्र आलें आणि घरच्यांनीं 'काकाजी आज मर गये' असें वाचून रडारड केली, ही गमतीची गोष्ट व्यापारी स्वतःच सांगतात. लग्नें जमवावयाचीं तीं देसांतल्या नात्यागोत्यांत. ओसवाल असेल तर कुलदेवी ओसियांची. पण रोजच्या ताटांत मात्र बाजरीची भाकरी आणि पिठलें केव्हां येऊन बसलें, हें त्याला स्वतःलाही सांगतां आलें नसतें.

येथवर हें चित्र गोड वाटेल. परंतु इतिहासाला दुसरीही बाजू आहे आणि ती लपविणें योग्य नाहीं. जी लिपी त्या व्यापाऱ्याला आपल्या घरासारखी वाटे, तीच कुणब्याला कुलुपबंद पेटीसारखी होती. आपल्या नांवावर किती लिहिलें आहे, व्याज कसें चढलें आहे, हें त्याला वाचतां येत नसे. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ ते १८६५ या काळांत येथील कापसाला भाव आला आणि कर्ज मुबलक मिळूं लागलें. पुढें भाव कोसळले, सरकारी सारा वाढला आणि सावकारानें हात आंखडला. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यांतील कर्डे गांवीं एका देशमुखाच्या घरावर एका मारवाडी सावकारानें हुकूमनामा मिळविला, तेव्हां गांवानें सावकारांशीं व्यवहार तोडला. त्यांचें पाणी कोणी भरीना, त्यांची हजामत कोणी करीना. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें दंगा उसळला, आणि तो नगर जिल्ह्यांतील पारनेर, श्रीगोंदें या बाजूसही पसरला.

या दंग्यांत दोन गोष्टी ध्यानांत ठेवण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं, जमावाचा रोख माणसांपेक्षां कागदांवर होता. कर्जरोखे हातीं आले आणि जाळले कीं बहुतेक ठिकाणीं लोक परत फिरत. दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. ब्राह्मण आणि इतर स्थानिक सावकारही व्याजबट्टा करीत. पण बहुतेक ठिकाणीं त्यांना कोणी हात लावला नाहीं. रोष मुख्यतः मारवाडी आणि गुजर सावकारांवर गेला. म्हणजे अपराध धंद्याचा, पण शिक्षा मात्र परकेपणालाही झाली! कर्ड्याच्या बहिष्कारानें आणखी एक गोष्ट उघड केली. इतकीं वर्षें आपलें पाणी कोण भरीत होतें, याचा विचार ज्यानें केला नव्हता, त्याला आपण या गांवावर किती अवलंबून आहों हें त्या दिवसांत कळलें. पुढें चौकशी होऊन १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि रोख्याच्या मागील सगळा व्यवहार तपासून पाहण्याचा अधिकार न्यायालयांस मिळाला.

यानंतरच्या पिढ्यांनीं काय केलें? पुष्कळांनीं सावकारी चालूच ठेवली, हें खरें. परंतु कांहींनीं चोपडी मिटून सर्वांना वाचतां येईल अशा अक्षरांत गांवाशीं नवा व्यवहार मांडला. नगरचे ओसवाल जैन वकील कुंदनमल शोभाचंद फिरोदिया स्वातंत्र्याच्या चळवळींत पडले आणि १९४६ ते १९५२ पर्यंत मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. ज्या जमातीचे रोखे जाळले गेले, तिच्यांतील एका पुरुषास प्रांताच्या प्रतिनिधींनीं मध्यस्थाच्या आसनावर बसविलें, आणि तेंही सुप्याच्या दंग्यानंतर अवघ्या ७१ वर्षांनीं. दुसरें उदाहरण आनंदऋषीजींचें. पाथर्डी तालुक्यांतील चिचोंडी येथें गुगळे घराण्यांत १९०० सालीं त्यांचा जन्म झाला. १९१३ सालीं याच जिल्ह्यांत मिरी येथें त्यांनीं दीक्षा घेतली. १९६४ सालीं ते अखिल भारतीय श्रमण संघाचे आचार्य झाले, आणि १९९२ सालीं नगरांतच त्यांनीं देह ठेवला. त्यांचा अनुयायी-समाज साऱ्या हिंदुस्थानभर होता. त्यांचें घर मात्र नगर जिल्हाच राहिलें.

यावरून मला असें वाटतें कीं, परमुलखांत रुजण्यासाठीं मनुष्याला आपली जुनी भाषा किंवा कुलदेवी विसरावी लागत नाहीं. नुसती नवी भाषा शिकल्यानेंही तो तेथला होत नाहीं. कर्ड्याच्या सावकारालाही मराठी येतच असली पाहिजे. जेव्हां त्याच्या आणि गांवाच्या खात्यांत पैशावांचून दुसरीही देवघेव लिहिली जाते, आणि तें खातें दोघांनाही वाचतां येतें, तेव्हां तो तेथला होतो. ही जबाबदारी एकट्या येणाऱ्याची नाहीं, गांवाचीही आहे.

हा प्रश्न आज संपलेला नाहीं. राहाता तालुक्यांतच लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनीं १९५० सालीं सहकारी साखर कारखाना उभा राहिला. या भागांत दर हंगामाला बीडकडून ऊसतोडणीचे मजूर येतात, पाचटाच्या कोप्या करून राहतात आणि हंगाम सरला कीं परततात. त्यांची भाषा तर आपलीच आहे. तरीही मुकादमाकडून घेतलेल्या 'उचली'चा हिशेब त्यांतील किती जणांना वाचून पाहतां येतो, आणि ज्या गांवाच्या शिवारांत ते निम्में वर्ष घालवितात त्या गांवाच्या खात्यांत त्यांचें नांव कोठें लिहिलें जातें, हें आपण एकदां स्वतःस विचारून पाहावें, इतकीच माझी विनंती आहे.