देवासचे थोरले आणि धाकटे

इंग्रजीतील ‘सीनियर’ हा शब्द आपल्याकडील कचेऱ्यांत आणि शाळांत इतका रुळला आहे की, त्याचा मूळ अर्थ केवळ ‘अधिक वयाचा’ एवढाच होता, याचे कोणास स्मरण उरलेले नाही. म्हाताऱ्यास लॅटिन भाषेत जो शब्द होता, त्याचे हे तुलनावाचक रूप. फ्रेंचांच्या तोंडी घोळून पुढे इंग्रजीत त्याचाच ‘सर’ झाला आणि पोर्तुगीजांबरोबर तो ‘सेन्योर’ होऊन गोव्यात उतरला. अशा रीतीने वयाचा शब्द मानाचा झाला. मग तो अधिकाराचाही झाला. आज पंचविशीतला कारकून पन्नाशीतल्या कारकुनास सीनियर असू शकतो!

माळव्यात हा शब्द एका राज्याच्या नावातच जाऊन बसला. धारच्या पवारांचे संस्थान एकच. त्यास विशेषणाची गरज पडली नाही. देवासची गोष्ट निराळी. १७२८च्या सुमारास पहिल्या बाजीराव पेशव्यांच्या स्वारीबरोबर तुकोजी व जिवाजी हे पवार बंधू माळव्यात आले. देवास दोघांचे सामाईक होते. त्यांच्या वंशांस मराठीत थोरली पाती व धाकटी पाती म्हणत. पाती म्हणजे वाटा, आणि पातीदार म्हणजे भागीदार. थोरल्यास वडीलकीचा मान असला तरी धाकट्याचा हक्क त्यामुळे उणा होत नाही, हे त्या शब्दातच आले. १८१८ साली इंग्रजांनी तह केला तोही दोघांशी मिळून एकच.

इंग्रजी दप्तरात मात्र ‘देवास सीनियर’ आणि ‘देवास ज्युनियर’ अशी नोंद झाली. परक्या वाचकास दुसरे संस्थान पहिल्याच्या हाताखालचे वाटावे! प्रत्यक्षात दोन्ही राजांस सलामी पंधरा तोफांचीच होती.

१८४१ नंतर कारभार वेगळा झाला, तरी मुलूख एकमेकांत गुंतलेलाच राहिला. देवास शहरातील मुख्य रस्त्याची एक बाजू एका पातीची, समोरची दुसरीची. पाण्याची सोय निराळी, दिवाबत्तीही निराळी. एका लहानशा शहरावर हा दुहेरी भार! थोरल्या पातीच्या तुकोजीरावांचे खाजगी चिटणीस म्हणून १९२१ साली काम केलेले इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांना या विलक्षण व्यवस्थेचे मोठे कौतुक वाटले. ‘द हिल ऑफ देवी’ या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी तेथील दिवसांची हकीकत सांगितली आहे.

१९४८ साली दोन्ही पाती मध्यभारतात विलीन झाल्या आणि त्या रस्त्याच्या दोन्ही बाजू एकाच कारभाराखाली आल्या.