अस्वल, दरवेशी आणि कायदा

महाराष्ट्र शासनाच्या भटक्या जमातींच्या यादीत ‘दरवेशी, वाघवाले-शहा (मुस्लिम), अस्वलवाले’ अशी एक नोंद आहे. या नोंदीच्या आधाराने जातीचा दाखला मिळतो, शाळेत सवलत मिळते. दुसरीकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार जंगलातून अस्वल पकडणे, ते विनापरवाना बाळगणे, त्याची खरेदी-विक्री करणे हा गुन्हा आहे. अस्वल पहिल्या अनुसूचीत असल्याने तो सिद्ध झाल्यास किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षांची कैद आहे. म्हणजे ज्या धंद्याच्या नावाने शासन एका मुस्लिम जमातीला ओळखते, तोच धंदा शासनाच्या लेखी गुन्हा आहे. ही परिस्थिती कशी निर्माण झाली, त्यात अस्वलाचे काय झाले आणि माणसांचे काय झाले, याचा इतिहास आपल्या समाजात फारसा सांगितला जात नाही. तो थोडक्यात मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

उत्तर हिंदुस्थानात ज्यांना कलंदर म्हणतात, त्यांना आपल्याकडे दरवेशी म्हणण्याची पद्धत आहे. दोन्ही शब्द मुळात तसव्वुफच्या परंपरेतले आहेत. घरदार, मानमरातब सोडून फिरणाऱ्या फकिरांचा एक पंथ कलंदरिया म्हणून ओळखला जाई. सेहवानचे लाल शहबाज कलंदर आणि पानिपतचे बू अली शाह कलंदर ही त्या परंपरेतली मोठी नावे. पुढे काळाच्या ओघात गावोगाव अस्वल-माकड घेऊन फिरणाऱ्या गरीब मुसलमानांनाही हेच नाव चिकटले. नावात सूफी, हातात डमरू आणि दुसऱ्या हातात अस्वलाची दोरी, असा हा प्रवास आहे.

गावगाड्यात या माणसाला एक जागा होती. सुगीनंतर तो येई, चावडीपुढे खेळ करी, पसा-दोन पसे धान्य घेऊन पुढच्या गावाला जाई. लहान मुलाला अस्वलाच्या पाठीवर बसवले की त्याची भीती मोडते, अस्वलाचा केस ताईतात घालून गळ्यात बांधला की नजर लागत नाही, अशी समजूत हिंदू-मुसलमान दोघांतही होती. त्यामुळे खेळाच्या पैशाबरोबर केसांचेही पैसे मिळत. ताईताच्या या धंद्याला इस्लाममध्ये आधार नाही हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. पण पोट भरलेल्या माणसाने उपाशी माणसाला अकीदा शिकवणे सोपे असते, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

उर्दू साहित्यात या खेळाची नोंद आहे. आग्र्याचे शायर नज़ीर अकबराबादी (निधन १८३०) यांची ‘रीछ का बच्चा’ ही नज्म उर्दूच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. नज़ीर हे बाजाराचे, मेळ्यांचे, सामान्य माणसांचे शायर. दरबारी शायरांनी ज्याकडे वळूनही पाहिले नाही ते त्यांनी लिहिले. आम्ही ही नज्म वर्गात शिकवतो तेव्हा मुले हसतात, डोलतात. मात्र तेवढ्यावर थांबून चालत नाही. ते पिल्लू रस्त्यावर आले कसे, हा प्रश्न आजच्या शिक्षकाने पुढे विचारलाच पाहिजे.

पिल्लू येई ते जंगलातून, शिकाऱ्यामार्फत. अस्वलाची मादी पिल्लांना पाठीवर घेऊन फिरते आणि त्यांच्यासाठी जीवावर उदार होते. त्यामुळे पिल्लू हाती येण्यासाठी बहुतेक वेळा आईला मारावे लागे. काही महिन्यांच्या पिल्लाचे नाक-तोंड तापलेल्या लोखंडी सळईने टोचून त्यातून दोरी ओवत. सुळे तोडत, नखे छाटत. दोरीला हिसका बसला की जखम दुखते, म्हणून अस्वल मागच्या पायांवर उभे राहते आणि पाय हलवते. लोक त्याला नाच म्हणत.

धर्माच्या दृष्टीने याचा विचार केला तर उत्तर अवघड नाही. कुरआनच्या सूरह अल-अनआममध्ये पशू आणि पक्षी यांनाही माणसांसारख्याच उम्मती म्हटले आहे. जनावराच्या तोंडावर डाग देण्यास आणि तोंडावर मारण्यास रसूलुल्लाह (स.) यांनी मनाई केली. पक्ष्याची पिल्ले उचलून आणणाऱ्या सोबत्यांना ती परत आईकडे ठेवण्यास सांगितल्याची हदीस प्रसिद्ध आहे. तेव्हा अस्वलाचे नाक टोचून मिळवलेली रोजी आमच्या परंपरेत बसते, असे कोणी म्हणू शकत नाही. तो रिवाज होता, दीन नव्हता.

आता कायद्याचा इतिहास पाहू. इंग्रजांच्या काळात अस्वल हे रक्षणाचे जनावर नव्हतेच. वाघ, बिबळ्या, लांडगा यांच्याबरोबर अस्वल मारणाऱ्यालाही सरकार बक्षीस देत असे. १९१२ साली वन्य पक्षी व प्राणी संरक्षणाचा कायदा झाला. त्याच्या यादीत हरणे, गवे, गेंडे, ससे होते, अस्वल नव्हते. साहेब लोक बंदुकीने अस्वल मारीत तो शौक होता, कलंदर दोरीने नाचवी ती भीक होती. कायद्याला दोन्हीचे काही वाटत नव्हते. स्वातंत्र्यानंतर आपल्या राज्यात १९५१ साली मुंबई वन्य पशू व वन्य पक्षी संरक्षण कायदा झाला. तो घडवण्यात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे पक्षीशास्त्रज्ञ हुमायून अब्दुलअली यांचा मोठा वाटा होता. डॉ. सालिम अली, हुमायून अब्दुलअली, जफर फतेहअली ही मुंबईच्या मुस्लिम घराण्यांतली मंडळी या देशातील निसर्गरक्षणाच्या चळवळीच्या अग्रभागी होती, ही गोष्ट आपल्या मुलांना माहीत असावी. एकाच समाजातून अस्वलाची दोरी धरणारेही आले आणि रानाच्या रक्षणाचा कायदा करणारेही आले. या दोघांची भेट मात्र कधी झाली नाही.

१९७२ चा केंद्रीय कायदा आला तेव्हा चित्र बदलले. ज्याच्याकडे पाळीव स्थितीत वन्य प्राणी आहे त्याने तीस दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकाकडे तशी लेखी माहिती द्यावी आणि मालकीचा दाखला घ्यावा, असे त्यात होते. बेकायदा पकडलेला प्राणी ही शासनाची मालमत्ता ठरली. पण पालात राहणाऱ्या, सही न येणाऱ्या, आज या जिल्ह्यात तर उद्या त्या जिल्ह्यात असणाऱ्या माणसापर्यंत ही तीस दिवसांची मुदत पोहोचणार कशी? कायदा झाल्याचे त्याला कळले ते बहुधा वनरक्षकाने अडवल्यावरच. या खेळकऱ्यांनी उद्यापासून काय खावे, याविषयी त्या कायद्यात एकही कलम नव्हते.

तरीही खेळ चालूच राहिला. वाइल्डलाइफ एस.ओ.एस. या १९९५ साली स्थापन झालेल्या संस्थेने १९९६ च्या सुमारास पाहणी केली तेव्हा देशात सुमारे १२०० अस्वले नाचवली जात असल्याचे आढळले. खेळातले अस्वल काही चोवीस वर्षे टिकत नाही. याचा अर्थ ही बहुतेक सर्व अस्वले कायदा झाल्यानंतर जंगलातून चोरलेली होती. कायदा कागदावर कडक होता, अंमलबजावणी मात्र नव्हती.

याचे कारण फक्त हप्तेबाजी किंवा आळस, असे म्हणणे अपुरे होईल. वन्यजीव गुन्ह्यातला मुद्देमाल जिवंत असतो. दारू पकडली तर खोलीत ठेवून सील लावता येते. अस्वलाचे तसे करता येत नाही. पंचनामा झाला, आरोपी दंडाधिकाऱ्यापुढे गेला, पण अस्वल ठेवायचे कुठे? जंगलात सोडावे तर त्याला सुळे नाहीत, नखे नाहीत, वारूळ उकरण्याचे शिक्षण देणारी आई नाही. ते चार दिवसांत मरेल. शिवाय माणसांत राहून अनेक अस्वलांना क्षयाची लागण झालेली असते, ती जंगलातल्या अस्वलांत पसरण्याचा धोका वेगळाच. प्राणिसंग्रहालयात जागा नाही. अशा वेळी अधिकारी अस्वलवाल्याला दम देऊन हद्दीबाहेर घालवत. तो पुढच्या हद्दीत खेळ करी. जप्तीचा अधिकार देणाऱ्याने जप्तीनंतरची सोय केली नाही तर अधिकार लटका पडतो, हा या प्रकरणातला पहिला धडा आहे.

दरम्यान दुसऱ्या बाजूने कायदा घट्ट होत गेला. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाखाली १९९८ साली केंद्राने अधिसूचना काढून अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या व सिंह यांना खेळासाठी शिकवण्यास आणि त्यांचे प्रदर्शन करण्यास बंदी घातली. सर्कसवाले न्यायालयात गेले. केरळ उच्च न्यायालयाने २००० साली त्यांची मागणी फेटाळली आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. सर्कसवाल्यांकडे वकील होते. दरवेशाच्या बाजूने कोणी उभे राहिल्याचे आमच्या वाचनात नाही.

अस्वलांची सोय शेवटी झाली ती नज़ीरच्याच आग्र्याजवळ. कीठम तलावाच्या काठी, सूर सरोवर अभयारण्यात, उत्तर प्रदेश वन विभागाच्या सहकार्याने डिसेंबर २००२ मध्ये वाइल्डलाइफ एस.ओ.एस.चे अस्वल केंद्र सुरू झाले. नंतर कर्नाटकात बन्नेरघट्टा, मध्य प्रदेशात भोपाळचे वनविहार आणि पश्चिम बंगालमध्ये पुरुलिया येथेही केंद्रे झाली. येथे आलेल्या अस्वलाची प्रथम दोरी कापतात, जखमेवर उपचार करतात, दातांवर शस्त्रक्रिया करतात, क्षयाची तपासणी करून वेगळे ठेवतात आणि मग मोठ्या आवारात सोडतात. जन्मभर त्याला तेथेच राहावे लागते, कारण जंगलात परतण्याचा मार्ग त्याच्यासाठी बंद झालेला असतो.

या मोहिमेत एक शहाणपणाची गोष्ट झाली. अस्वल आणून देणाऱ्या कलंदराला रिकाम्या हाताने परत पाठवले नाही. पुन्हा अस्वल पाळणार नाही असे लिहून घेतले आणि दुसऱ्या धंद्यासाठी भांडवल दिले. कोणी रिक्षा घेतली, कोणी दुकान टाकले, स्त्रिया शिवणकाम शिकल्या, मुले शाळेत जाऊ लागली. काही कलंदर तर त्याच केंद्रांत अस्वलांची देखभाल करू लागले. धाक आणि आधार हे दोन्ही एकत्र आले तेव्हाच लोकांनी अस्वले आणून दिली. सहाशेहून अधिक अस्वले अशी सुटली आणि डिसेंबर २००९ मध्ये रस्त्यावरचे शेवटचे नाचणारे अस्वल बन्नेरघट्टा येथे दाखल झाल्याचे जाहीर झाले. तीसहून अधिक वर्षांत नुसत्या कायद्याने जे झाले नाही ते सात वर्षांत झाले. पुढे नेपाळमध्ये डिसेंबर २०१७ मध्ये सापडलेल्या दोन अस्वलांपैकी एक मेले आणि दुसरे जुलै २०१८ मध्ये आग्र्याला आणले गेले.

या यशाबद्दल समाधान वाटते, आणि ते व्यक्त करण्यात आम्हाला संकोच नाही. पण हिशेब येथे संपत नाही. अस्वलाच्या बाबतीत जे झाले ते माकडवाले मदारी आणि सापवाले गारुडी यांच्या बाबतीत त्या प्रमाणात झाले नाही. त्यांच्यातही मुसलमान मोठ्या संख्येने आहेत. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ साली भटक्या-विमुक्तांच्या प्रश्नांवर अहवाल दिला. परंपरागत धंदे कायद्याने बंद झाले आणि पर्याय मिळाला नाही, हे या जमातींचे दुखणे त्यानंतरही शिल्लकच आहे. २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यातील दंड वाढले. सर्वसाधारण गुन्ह्याचा कमाल दंड पंचवीस हजारांवरून एक लाखावर गेला. खेळकऱ्यांच्या पुनर्वसनाचे कलम याही वेळी आले नाही.

आमच्या मते यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, आपण आपल्या समाजातील या थराकडे पाहण्याची दृष्टी बदलली पाहिजे. मोहल्ल्यात दरवेशाची पोरे भीक मागताना दिसली की आपण ‘हे आपले नव्हेत’ असे म्हणून मोकळे होतो. ज़कातचा पैसा मदरसा-मशिदीपर्यंत जातो, पालापर्यंत क्वचितच जातो. जात नाकारणाऱ्या दीनचे अनुयायी म्हणवणाऱ्यांनी याचा विचार करावा. दुसरी गोष्ट, जातीचा तो दाखला. ‘अस्वलवाले’ ही नोंद पुसून टाका असे आम्ही म्हणणार नाही, कारण तिच्या आधारानेच या जमातीची मुले वसतिगृहात आणि कॉलेजात जाऊ शकतात. पण दाखला मिळवण्यासाठी जुने पुरावे लागतात आणि भटक्याच्या घरात कागद नसतो. १९७२ साली अस्वलाचा दाखला मिळाला नाही तो याच कारणाने, आणि आज नातवाला जातीचा दाखला मिळत नाही तोही याच कारणाने. शिकलेल्या तरुणांनी, शिक्षकांनी, वकिलांनी वस्तीवर जाऊन अर्ज भरून दिले, शाळेच्या दाखल्यावर नोंदी नीट करून दिल्या, तरी मोठे काम होईल. त्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.