माशी, खाच आणि नेम

हत्यारांचा इतिहास म्हटला की आपल्यापुढे लढाया आणि सेनापती उभे राहतात. माझे आयुष्य कामगारांत गेले. त्यामुळे माझी दृष्टी आधी जाते ती हत्यार घडविणाऱ्या आणि वापरणाऱ्या हाताकडे. आज मी हत्याराच्या एका चिमुकल्या भागाविषयी बोलणार आहे. रिव्हॉल्व्हरच्या नळीच्या टोकाशी जो उंचवटा असतो त्याला आपण माशी म्हणतो. मागे खाच असते. खाचेत माशी आणि माशीवर सावज, असा नेम धरायचा. ही जोडी कायमची पक्की असावी की हलविता यावी, या प्रश्नावर अमेरिकेतील शिकाऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या वाद चालत आला आहे.

१८७३ साली कोल्ट कंपनीचे प्रसिद्ध रिव्हॉल्व्हर अमेरिकन लष्करात आले. त्याची खाच म्हणजे सांगाड्याच्या माथ्यावर कोरलेली चर, आणि माशी म्हणजे नळीवर घट्ट बसविलेले पाते. हलण्यासारखे त्यात काहीच नव्हते. हत्यार दगडावर आपटले तरी नेम सहसा बिघडत नसे. लक्ष्य जवळचे आणि काडतूस ठराविक, तेथे ही रचना उत्तमच होती.

अडचण आली ती असे हत्यार शिकारीला निघाले तेव्हा. बार उडताना धक्क्याने नळीचे तोंड वर उचलले जाते. जड, मंद गोळी नळीत अधिक वेळ राहते, म्हणून ती बहुधा वर लागते. हलकी, वेगवान गोळी खाली लागते. म्हणजे काडतूस बदलले की नेम बदलला! आता साधे त्रैराशिक मांडा. खाच आणि माशी यांत सहा इंच अंतर आहे. पन्नास यार्ड म्हणजे अठराशे इंच, अर्थात तीनशे पट. येथे इंचाच्या शंभराव्या भागाची चूक झाली, तर तेथे तीन इंचांची होते.

पक्क्या माशीवर मुख्य उपाय कानशीचा. गोळी खाली लागत असेल तर माशी घासून बुटकी करावी, म्हणजे गोळी वर येते. पण कोणत्याही फिटरला विचारा, कानशीने काढलेले लोखंड परत चिकटत नाही. एका काडतुसासाठी घासलेली माशी त्याच काडतुसाशी जन्माची बांधली जाते.

स्क्रूने हलणारी खाच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्पर्धेच्या नेमबाजांकडे होतीच. ती रानात नेण्याचा आग्रह धरणाऱ्यांत एल्मर कीथ हे मोठे नाव. १९२९ साली त्यांनी आपल्या खास रिव्हॉल्व्हरचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात जुन्या कोल्टच्या सांगाड्यावर हलती खाच बसविली होती. १९३५ साली स्मिथ अँड वेसनचे .३५७ मॅग्नम आले आणि डग्लस वेसन यांनी त्याने मोठी शिकार करून दाखविली. १९५५ साली रुगर कंपनीने जुन्या घाटाचे ब्लॅकहॉक हलत्या खाचेसह काढले. त्याच वर्षाच्या अखेरीस .४४ मॅग्नम तयार झाले. त्यातून सौम्य .४४ स्पेशलही उडविता येई. एकाच हत्यारात दोन स्वभावांची काडतुसे आल्यावर एका पक्क्या खाचेने दोघांचेही समाधान कसे होणार?

तरीही पक्की खाच गेली नाही. स्क्रू धक्क्याने ढिले होतात, उंच खाच म्यानात अडकते. ही तक्रार खोटी नाही.

पक्क्या खाचेमागे एक गृहीत असते: सरासरी हात, सरासरी डोळा, ठराविक काडतूस. सरासरी माणसासाठी घडविलेल्या यंत्राशी खऱ्या माणसाने जुळवून घ्यायचे, हा अनुभव आम्हा कामगारांना नवा नाही. स्क्रूने जुळवून घेण्याचे काम यंत्राकडे दिले आणि नेम ठरविण्याचा अधिकार वापरणाऱ्याला दिला. मात्र अधिकाराबरोबर जबाबदारीही आली. आता कारखान्याकडे बोट दाखविण्याची सोय उरली नाही. रानात शिरण्यापूर्वी कागदावर नेम पारखला नाही, तर त्या आळसाची किंमत शिकारी देत नाही. पोटात गोळी घेऊन झुडपात शिरलेले जनावर ती देते.

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकार जवळजवळ बंदच केली, हे योग्यच झाले. पण हा धडा शिकारीपुरता नाही. ज्याच्या हाती स्क्रू, त्याच्या माथी चुकीचा जाब. अधिकार मागताना आपण हा हिशेबही मान्य केला पाहिजे.