आपल्या गेटवरचे ग्रीक खांब

स्मरणिकेसाठी लेख द्या म्हणून सेक्रेटरीसाहेब दोनदा दारात येऊन गेले. तेव्हा म्हटलं, गेटवरच्या आपल्या त्या दोन खांबांवरच लिहावं. पंचवीस वर्षं आपण त्यांच्यामधून ये-जा करतोय.

अंगावर उभ्या खाचा, डोक्यावर पानांचा गुच्छ. ही कोरिंथियन धाटणी, ग्रीकांच्या तीन शैलींतली सगळ्यांत उशिराची. पानं अकँथस नावाच्या झाडाची. वर दोन बाजूंना गुंडाळी असेल तर ती आयोनिक, आणि नुसती साधी उशी नि चौकोनी लादी असेल तर डोरिक. मला स्वतःला डोरिकच आवडतात. खाली बैठकसुद्धा नाही, थेट जोत्यावर उभे!

अथेन्सचं पार्थेनॉन याच शैलीचं. बांधकाम इ.स.पू. 447 मध्ये सुरू झालं. समोर 8 खांब, बाजूला 17. खांब मधे किंचित फुगीर, आतल्या बाजूला जरासे कललेले, जोतंही मधोमध थोडं उचललेलं. 1762 पासून स्टुअर्ट आणि रेव्हेट या दोघांनी अथेन्समधल्या इमारतींची मोजमापं पुस्तकरूपाने छापली आणि ग्रीक खांबांची लाटच आली. ती आपल्याकडेही पोचली. फोर्टातला टाऊन हॉल, म्हणजे एशियाटिक लायब्ररीची इमारत, 1833 ची. तिच्या पायऱ्या चढताना समोर दिसतात ते आठ खांब डोरिकच. तिथून पुढे बँका, कोर्टं, आणि शेवटी आपल्या बिल्डरचं गेट.

पण मला खरं सांगायचंय ते लोखंडाबद्दल. पार्थेनॉनच्या दगडांत चुना नाही. संगमरवराचे चिरे लोखंडी क्लॅम्पने जोडले आणि वर वितळलेलं शिसं ओतलं. हवा-पाणी लोखंडापर्यंत जाऊच नये म्हणून. 1687 मध्ये तोफगोळ्याने आतला दारूसाठा उडाला, मधला भाग कोसळला, तो भाग वेगळा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बालानोस नावाच्या इंजिनिअरने दुरुस्ती केली, पण नवं लोखंड शिशाशिवाय बसवलं. ते गंजलं, फुगलं आणि त्याने संगमरवर तडकवला. मग 1975 मध्ये समिती नेमली. तेव्हापासून ते लोखंड काढून टायटॅनियम घालायचं काम वर्षानुवर्षं चाललंय.

हे वाचलं तेव्हा मला आपल्या बी विंगखालच्या पार्किंगमधला कोपऱ्यातला खांब आठवला. दहा वर्षांपूर्वी त्याची सळई उघडी पडली होती. मी तेव्हा खजिनदार. गंज न काढता नुसतं प्लास्टर मारून घेतलं. खर्च वाचवला म्हणून सर्वसाधारण सभेत माझं कौतुकही झालं. यंदा ऑडिटवाल्याने तिथे हातोडी ठोकली, तर आवाज पोकळ आला आणि खपलीच हातात आली. वर चार मजले आहेत. गेटच्या खांबांवर काय आहे? दोन दिवे.

रौप्यमहोत्सवानिमित्त गेटच्या खांबांना ग्रॅनाइट लावायचा ठराव येतोय. मी विरोधात मत देणार. आधी बी विंगचा खांब खोलून, सळई घासून, गंजरोधक लावून नीट भरून घ्यावा, असं पत्र मी ऑफिसात दिलंय. त्यात दहा वर्षांपूर्वीच्या त्या प्लास्टरचं बिल कुणी मंजूर केलं होतं, तेही लिहिलंय.