औटकी आणि पावली

चंदीगडला सेक्टर 30 आणि 29 यांच्यामध्ये एक रस्ता आहे. तो ओलांडताना नातीनं विचारलं, "आजोबा, एकोणतीस तीसच्या पुढे ना? त्यात तीस आहे की!"

इथल्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्थेत मी 1969 मध्ये लागलो. दिल्लीत 1959 ला सुरू झालेली ही संस्था 1962 मध्ये चंदीगडला आली. सूक्ष्म मोजमापांत माझी नोकरी सरली, पण मोजायला शिकलो वाईला, आजोबांपुढे मांडी घालून. दिवेलागणीला शुभंकरोती, मग परवचा. पाढे तीसापर्यंत आणि त्यानंतर खरी परीक्षा: पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. आपला देह औट हातांचा म्हणतात, तोच औट. इकडे उत्तरेत त्याला हूंठा म्हणतात आणि साडेचारचाही पाढा आहे, ढौंचा. तो ऐकला तेव्हा आपली शेखी थोडी उतरली.

पंतोजींच्या शाळेत हे घोकून घेण्याची रीत होती. धूळपाटीवर काडीनं आकडा काढायचा, एका पोरानं पुढे उभं राहून म्हणायचं, बाकीच्यांनी मागून. पंतोजी तोवर खुशाल डुलकी काढत. पोरांनीच पोरांना शिकवायचं, ही युक्ती त्यांच्या आळसाला सोयीची होती, पण नुसती आळसाची नव्हे. मद्रासला अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्यानं देशी शाळेतली मुलं वाळूत अक्षरं गिरवताना पाहिली आणि अनाथ मुलांच्या आपल्या शाळेत ती रीत आणली; मोठ्या मुलांकरवी धाकट्यांना शिकवू लागला. 1797 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. इंग्लंडात ती ‘मद्रास पद्धत’ म्हणून गाजली. आपल्या वर्गातला मॉनिटर हा असा विलायतवारी करून आलेला आपलाच पोरगा.

घोकंपट्टीला आज सगळेच नावं ठेवतात. मला ते अर्धंच पटतं. सव्वा रुपया शेरानं सात शेर जिन्नस घेतला, तर सवायकी सांगे पावणेनऊ, आणि हाताला लागत आठ रुपये बारा आणे. रुपयाचे सोळा आणे, मणाचे चाळीस शेर; पाव, अर्धा, पाऊण सगळे बिनबोभाट सुटत. पोर सकाळी म्हणे ते दुपारी वाण्याकडे वापरी. 1 एप्रिल 1957 ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पाठोपाठ किलो आणि मीटर आले. औटकी वाण्याच्या दुकानातून उठली. शाळेतून जायला मग वेळ लागला नाही. घोकणं मात्र राहिलं, कशासाठी ते न सांगता.

2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असं वाचन आलं आणि महाराष्ट्रात केवढा गदारोळ उठला! बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांची बाजू सरळ होती: लिहिताना दहम आधी, बोलताना एकम आधी, यात लहान मूल अडखळतं. मीही तेव्हा फोनवर भावाशी तावातावानं भांडलो होतो, बाईंच्या विरुद्ध. नातीच्या त्या एका प्रश्नानं माझी बाजू पडली. ‘एकोणतीस’ म्हणजे ‘एक उणे तीस’, हे मला तरी सत्तरी उलटेपर्यंत कुणी फोडून कुठे सांगितलं होतं?

तिला ते रस्त्याच्या कडेला खडूनं लिहून दाखवलं. कळलं. मग सवायकीही शिकवावी म्हणून पावली दाखवायला घेतली, तर तिनं विचारलं, हिचं काय मिळतं? काही नाही. चार आण्यांचं नाणं 30 जून 2011 पासून चालत नाही.