मुद्रित पानावरील हालचाल : मराठी पृष्ठरचनेच्या इतिहासातील एक प्रकरण

पुणे शहराच्या पूर्वेकडील मांजरी बुद्रुक हे गाव २०२१ मध्ये महानगरपालिकेत समाविष्ट झाले. अशा उपनगरांतील डीटीपी केंद्रांचे नित्याचे काम म्हणजे लग्नपत्रिका, पतसंस्थेचा अहवाल, महाविद्यालयाचा वार्षिक अंक. अलीकडे छापील पत्रिकेबरोबर मोबाइलवर पाठविण्याची हलती पत्रिकाही मागितली जाते. तीत गणपती वरून अवतरतो, वधूवरांची नावे दोन बाजूंनी येतात, अक्षता पडतात. स्थिर पानावरील वस्तूला गती देण्याची ही कल्पना नवी वाटत असली, तरी महाराष्ट्रात तिचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे आणि त्याच्या आरंभी एक मुद्रक उभा आहे.

धुंडिराज गोविंद फाळके (१८७०–१९४४) चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छपाईच्या व्यवसायात होते. राजा रविवर्मा यांच्या छापखान्यासाठी त्यांनी शिळाछपाईचे काम केले, पुढे ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ उभारले आणि रंगीत छपाईच्या तंत्रासाठी १९०९ मध्ये ते जर्मनीला गेले. १९१२ मध्ये त्यांनी कुंडीतील रोपाची वाढ एकेक चौकट टिपून ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट तयार केला. १९१५ च्या ‘आगकाड्यांची मौज’मध्ये तर काड्याच थोड्या थोड्या सरकवून हलत्या केल्या. निर्जीव वस्तू, तिचा ठरविलेला मार्ग आणि ठरविलेला कालावधी, या तीन गोष्टींवर त्यांची करामत आधारलेली होती. आजच्या पृष्ठरचनेच्या आज्ञावलीतील ॲनिमेशनचे कोष्टकही वापरणाऱ्याला नेमके हेच विचारते.

मात्र आगकाडीला भाषा नसते, पानाला असते. मराठी पानाची अडचण येथूनच सुरू होते.

आल्डस कंपनीचे पेजमेकर १९८५ मध्ये आले आणि खिळे जुळविण्याचे काम टेबलावरील संगणकावर आले. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकचे जिस्ट तंत्रज्ञान व त्यावर आधारित आज्ञावल्या, तसेच मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी यांमुळे मराठी अक्षरजुळणी संगणकावर स्थिरावली. परंतु त्या काळच्या फॉन्टमध्ये अक्षरांसाठी फार तर २५६ जागा असत. एवढ्यात देवनागरीची जोडाक्षरे मावणे शक्य नव्हते. म्हणून अक्षराचे तुकडे करून ते साठविले गेले : अर्धा क वेगळा, काना वेगळा, रफार वेगळा. संगणकाच्या लेखी ते मराठी नव्हतेच. रोमन अक्षरांच्या जागी बसविलेली ती चित्रे होती. एका फॉन्टमधील मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडल्यावर काय होते, हे शोधनिबंध पाठविणाऱ्या कोणत्याही मराठी प्राध्यापकास सांगावयास नको.

कागदावर छापून झाल्यावर ही उणीव दिसत नसे. वस्तू हलू लागल्यावर ती उघडी पडली. ॲडोबीच्या इनडिझाइन सीएस५ या एप्रिल २०१० मध्ये आलेल्या आवृत्तीत ॲनिमेशनची सोय प्रथमच पृष्ठरचनेच्या आत आली. चौकट निवडावी, ‘आत उडत येणे’, ‘हळूहळू उमटणे’ यांसारखी तयार गती लावावी, ती पान उघडताच सुरू व्हावी की टिचकी मारल्यावर, हे ठरवावे आणि वेळापत्रकात वस्तूंचा क्रम लावावा, असे तिचे स्वरूप होते. इंग्रजी मजकुराला यात अडचण नव्हती. देवनागरीची जोडणी मात्र या आवृत्तीत सरळपणे उपलब्ध नव्हती. ती अधिकृतपणे २०१२ च्या सीएस६मध्ये ‘ॲडोबी देवनागरी’ या फॉन्टसह आली. थोडक्यात, मराठी पानाला गती आधी मिळाली आणि अक्षर नंतर. मधल्या काळात जुन्या फॉन्टमधील मजकुराची बाह्यरेषा करून तो आकार म्हणून हलविणे, हाच व्यवहार्य मार्ग होता. त्यातही मजकुराचे गट सुटे केले, तर काना एकीकडे आणि वेलांटी दुसरीकडे जाण्याची सोय झालेलीच असे. मराठीत वाचकाच्या दृष्टीने हलविता येण्याजोगे सर्वांत लहान एकक म्हणजे संपूर्ण अक्षर, ही गोष्ट तंत्राने गृहीत धरलेली नव्हती. बाह्यरेषा झालेले शब्द दिसतात, परंतु शोधता येत नाहीत. अंधांसाठी मजकूर वाचून दाखविणारी यंत्रणाही त्यापुढे मुकी ठरते.

दुसरा आघात साठवणुकीच्या स्वरूपाचा होता. सीएस५मधील हालचाल पीडीएफमध्ये थेट उतरत नसे. ती एसडब्ल्यूएफ, म्हणजे फ्लॅशच्या स्वरूपात बाहेर काढावी लागे. त्याच एप्रिल महिन्यात स्टीव्ह जॉब्ज यांनी आयफोन व आयपॅडवर फ्लॅश न ठेवण्याची कारणे जाहीर केली होती. पुढे २०१४ मध्ये स्थिर मांडणीच्या ईपबमध्ये आणि २०१५ पासून ‘पब्लिश ऑनलाइन’ सेवेतून ही हालचाल फ्लॅशशिवाय दाखविता येऊ लागली. ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश प्लेअरचा आधार संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यातील आशय चालणेच रोखण्यात आले. त्या स्वरूपातच जतन केलेली पाने नेहमीच्या संगणकावर आता उघडत नाहीत. ‘आगकाड्यांची मौज’ही आज उपलब्ध नाही. फाळक्यांच्या फिती काळाने नष्ट झाल्या. येथे धारिका शाबूत आहे, ती दाखविणारे यंत्र तेवढे बंद केले गेले. इतिहासाच्या साधनांचा विचार करताना हा फरक लहान मानता येत नाही.

रफल यासारख्या मुक्त आज्ञावलीच्या साहाय्याने काही एसडब्ल्यूएफ पाने पुन्हा चालविता येतात. अधिक खात्रीचा मार्ग मूळ इनडिझाइन धारिकेचा आहे, कारण तीतून नव्या स्वरूपातील आवृत्ती काढता येते. ही मूळ धारिका सहसा प्रकाशकाकडे नसते. ती अक्षरजुळणी करणाऱ्याच्या जुन्या हार्डडिस्कवर असते, आणि ग्रंथालयाच्या दाखलनोंदीत तिला स्थान नाही. ती सापडली आणि उघडली, तरी जुना फॉन्ट संगणकावर नसल्यास मजकुरावर गुलाबी पट्टा येतो व त्याखाली रोमन चिन्हांची रांग दिसते. हालचाल मात्र जशी लावली होती तशीच चालते.